बोराटीतलं जनावर

देवमन गेल्याची बातमी मला माझ्याच मोटारीत कळली, आणि तीही माझ्याच शब्दात. अकोटच्या स्टँडवर गाडी भरत होती. मी दारात उभा राहून हिवरखेडचा पुकारा करत होतो. माझा आवाज असा, की अकोटला 'हिवरखेड' म्हटलं की हिवरखेडचे लोक दचकून 'ओ' देतात. तेवढ्यात एक ओळखीची म्हातारी पायरीवरच थांबली. "कंडक्टर, तुमचा देवमन गेला ना बाप्पा. काल दुपारी. बोराटीतच सापडला. जनावरानं धरलं म्हणते." मागून लोक रेटत होते. मी तिचं गाठोडं वर घेतलं, तिला खिडकीशी बसवलं, घंटी मारली... आणि दांडा धरून जो उभा राहिलो तो फाटा येईपर्यंत एक तिकीट फाडलं नाही. दुःख मागाहून आलं. आधी आली भीती. कारण ते जनावर माझं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी मीच ते बोराटीत सोडलं होतं, तोंडानं. त्याला ना पाय होते, ना दात, ना शेपूट. जे नाहीच, त्यानं माझा मित्र धरला कसा?

आता महिना उलटून गेला आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी देवमनवर दोन शब्द लिहा, असं मला सांगितलं गेलं. दोन शब्दांत माझा 'राम राम'सुद्धा कधी आटोपलेला नाही. तेव्हा थोडं लांबेल. आणि या मुलखात मला ओळखणारे वाचक आधीच हसतील, की आता कंडक्टर सुटला. सुटू द्या. कुठं वाढवून सांगतो आहे ते तुम्हाला कळेलच. जिथं कळणार नाही तिथं मी वाढवलेलं नाही, एवढं धरून चाला.

देवमनचं गाव फाट्यापासून मैलभर आत. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, खाली काळीभोर कपाशीची जमीन. ती काळी जमीन ज्याची त्याला वाटून झाल्यावर गावाच्या कडेला जे उरलं, ते देवमनच्या बापाच्या वाट्याला आलं होतं. दोन एकर बरड. बरड म्हणजे वर दगड, खाली मुरूम आणि त्याच्याही खाली आणखी दगड. तिथं वखर लावला तर बैल मागे वळून मालकाकडे बघायचे, की हा शुद्धीवर आहे ना! बापानं तिच्यात ज्वारी पेरून पाहिली, तूर पेरून पाहिली, शेवटी हात जोडले आणि दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेला. देवमन मात्र नागपूरहून दीक्षा घेऊन आला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बरडावर जाऊन दिवसभर नुसता बसून राहिला. संध्याकाळी फाट्यावर चहा पिताना मला म्हणाला, "कंडक्टर, तिथं एक झाड जिवंत हाये. त्यालेच इचारतो, कसा राह्यला तू म्हून." ते झाड म्हणजे बोराटी. गुडघाभर, फार तर छातीभर उंचीची रानबोर; प्रत्येक पानाशी दोन काटे, एक सरळ घुसणारा, एक वाकडा धरून ठेवणारा. आपल्याकडे तिचा उपयोग एकच, तोडून कुपाटीला, म्हणजे काटेरी कुंपणाला, लावायची. तिला कुणी मुद्दाम लावतं, हे मी तोवर ऐकलं नव्हतं.

लावण्याची रीत तर त्याहून अजब. बोराची आठोळी इतकी कठीण, की नुसती पुरली तर वर्ष वर्ष पडून राहते. देवमननं हेरलं की बकरी बोर खाते आणि बसून रवंथ करताना आठोळी थुंकून टाकते, आणि त्या थुंकलेल्या आठोळीतून मोड लवकर येतो. मग हा रोज सकाळी संभाच्या बकऱ्यांच्या वाड्यात जाऊन आठोळ्या वेचू लागला. संभा म्हणजे गावचा बकऱ्या राखणारा, देवमनच्याच वयाचा, तोंडानं फटकळ. त्यातच देवमन सातपुड्याच्या पायवाटेवरून कोल्ह्याची वाळलेली विष्ठा टोपलीत भरून आणायचा, कारण कोल्हंही बोरं खातं आणि आठोळ्या तशाच्या तशा टाकून जातं. गाव हसून हसून आडवं झालं. "देवमन, यंदा कोल्ह्याची पेरनी का?" "हो," हा म्हणायचा, "त्याईची पेरनी बरी साधते, त्याईले कोनी नाव नाही ठेवत." पहारीनं वीतभर खड्डे केले, आठोळ्या टाकल्या, खड्ड्याभोवती दगड रचले, जेणेकरून दंव तेवढं मुळाशी राहील. पाणी? पहिल्या उन्हाळ्यात दोन-चारदा गाडग्यानं, तेही अर्धं. "जास्त देऊ नये. लाडावते. मंग मूळ खाली जात नाही." दुसऱ्या वर्षी झाडं घोट्याएवढी आणि मुळं म्हणे वावभर खोल. मी मोजायला गेलो नाही. मला विचाराल तर ती मुळं खालून निघून अमरावतीच्या कुठल्याशा विहिरीत लोंबत असतील.

पण वर तर पानं होती, आणि पानं म्हटली की बकऱ्या. आणि झाडं कमरेला आली की कुपाटीसाठी कुऱ्हाडी. संभा उघड सांगायचा, "माह्याच बकऱ्याईनं पेरली अन् मलेच मनाई? वा रे इन्साफ!" त्याचं चुकत होतं असंही नाही. देवमन दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कामाला, त्याची बायको गयावैनी निंदणाला. राखण करणार कोण? एक दिवस तो फाट्यावर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. शे-दीडशे रोपं एका दुपारी बकऱ्यांनी बुडासकट साफ केली होती. "कंडक्टर, तुह्यं तोंड एवढं चालते. एकडाव माह्या बोराटीसाठी चालव ना."

मी लगेच भूत काढलं. माझ्याकडे भुतं तयार असतात, हवी त्या मापाची. देवमननं हात वर केला. "भूत नको. नागपूरहून आलो तवापासून भूत, चकवा, नजर, सारं घरातून काढलं. माह्याच वावरात तू परत बोलावशीन काय?" मग खोटंही बोलायचं नाही आणि लोकांना दूरही ठेवायचं, असा पेच. मी दोन कप चहा पिऊन विचार केला आणि म्हटलं, "मंग फक्त एवढं सांगतो. बोराटीत जनावर हाये." देवमन विचारात पडला, मग त्याच्या मिशा हलल्या. "हे खरंच हाये की. लावा पाखरू हाये, मुंगूस हाये, एक घोरपडबी आली परवा." आमच्याकडे हा शब्द म्हणजे मोठं सोयीचं पोतं आहे. गायबैल जनावर. दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, म्हणून सापही जनावर. आणि सातपुड्याच्या पायथ्याची माणसं वाघाचं नाव तोंडातून काढत नाहीत, म्हणून वाघही जनावरच. मी फक्त पोतं दिलं. आत काय भरायचं ते ज्यानं त्यानं भरलं.

पहिल्या फेरीला मी दोन प्रवाशांच्या कानात सांगितलं. अकोटला पोचेपर्यंत ते हातभर लांब झालं होतं. अकोल्याला त्याला फणा आला. दुसऱ्या दिवशी परतवाड्याकडून येणाऱ्या एका कापूसवाल्यानं मलाच थांबवून सांगितलं, की हिवरखेडच्या अलीकडे कुठल्याशा बोराटीत पट्ट्यापट्ट्याचं जनावर आहे, त्यानं म्हशीच्या दोन वगारी ओढून नेल्या, आणि ओढताना ते मागच्या पायांवर चालत होतं. मी 'हॅ' म्हणून हसलो. पण त्यानं ते अशा आवाजात सांगितलं... डोळे बारीक करून, मागे बघत... की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवशी फाट्यावर उतरून देवमनकडे जायचं होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, चल, आज उशीर झाला. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी त्या बोराटीला भिऊ लागलो. आपणच वळलेल्या वातीचा आपल्यालाच चटका. मला पक्कं ठाऊक होतं की तिथं काही नाही, आणि तरी बरडाकडे पाय वळला की मानेवरचे केस उभे राहत. गावानं मात्र बोराटी सोडली. बकऱ्या दुरून जाऊ लागल्या, कुऱ्हाडी दुसरीकडे वळल्या, आणि तीन-चार वर्षांत बरडावर अशी दाट, गच्च बोराटी माजली की तिच्यात शिरायला देवमननं एकच वाट ठेवली होती. उत्तरेच्या अंगानं, सरपटत जायची, बोगद्यासारखी. दुपारी काम थांबलं की तो आत जाऊन बसायचा आणि पाखरं बघायचा. "एकडाव आत ये," असं त्यानं मला किती वेळा म्हटलं असेल. कधी माझी खाकी फाटेल म्हणून, कधी गुडघा दुखतो म्हणून, कधी गाडीची वेळ झाली म्हणून मी टाळलं. तो हसून म्हणायचा, "तुह्या गुडघ्याले आतल्याचं भेव हाये वाटते." त्याला कळलं होतं.

मग एक वर्ष पावसानं पाठ फिरवली. गावच्या विहिरी तळाला गेल्या, झाडोरा करपला, पण बोराटी हिरवी. पायथ्याकडची पाखरं तिथं उतरली. तितर, होले, बुलबुल, आणि काट्यावर नाकतोडे टोचून ठेवणारा तो खाटीक पक्षी. कोल्ही यायची, ससे यायचे. देवमन गावातल्या बायांना कडेकडेची बोरं वेचायला बोलवायचा, पण जनावराच्या धास्तीनं चार जणी यायच्या, त्याही काठी घेऊन. "कंडक्टर, थे थोडं लहान कर ना," तो मला म्हणाला. "लोकाईच्या पोटात दोन बोरं जातीन." मी म्हटलं, बघतो. पण थाप मोठी करायची कला मला येते, लहान करायची कुणी शिकवलीच नव्हती.

त्याच वर्षी माघ सरताना संभाच्या दोन बकऱ्या नाहीशा झाल्या, आणि त्याच आठवड्यात गावच्या विहिरीवर एक नाग दिसला. झालं. गावाचे दोन तट पडले. एक म्हणे बोराटीत वाघ आहे, दुसरा म्हणे नागांचं वारूळ आहे. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर झालं, की बोराटी जाळायची. देवमननं विरोध केला, तर त्यालाच ऐकवलं, "तुले भेव वाटत नाही त तू राह्य आत." त्यानं हे मला सांगितलं होतं, पण इतक्या लवकर होईल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी दुपारच्या गाडीवर होतो. फाट्याच्या अलीकडे सडक बरडाजवळून जाते. लांबूनच डफडी ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर बोराटीच्या पश्चिमेला नागाच्या तटातले लोक, हातात पेटते टेंभे, पश्चिमेचाच वारा. आणि उत्तरेला, त्या एकुलत्या वाटेच्या तोंडासमोर, दगडाआड बंदूक टेकवून बसलेला वाघवाल्यांनी परतवाड्याहून आणलेला शिकारी. त्याला सांगितलेलं होतं, जे हलेल त्याच्यावर झाड. सूर्य डोक्यावर होता. ही देवमनची आत बसायची वेळ! गयावैनी दूर कुणाच्या वावरात. आत माणूस आहे हे त्या सगळ्या माळावर फक्त मला माहीत. मी घंटी ओढली ती दोरी तुटली. खाली उडी मारली, खांद्यावर तिकिटांची पेटी, गळ्यात शिट्टी, आणि धावलो... धावलो म्हणजे पाय धावले, मी मागे राहिलो. माझे गुडघे असे वाजत होते की डफडीवाल्याचा ताल चुकला असेल. एवढंच ओरडायचं होतं, 'थांबा, आत देवमन आहे, जनावर नाही, मी थाप मारली होती.' एवढंच. पण त्या शंभर माणसांच्या हातातल्या काठ्या दिसल्या, कुऱ्हाडी दिसल्या. पाच वर्षं ज्यांना मी घाबरवलं ते सगळे माझ्याकडे बघत होते. माझं तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी शिट्टी फुंकली आणि पूर्वेच्या नाल्याकडे हात करून बोंबललो, "गेलं! नाल्याकडं गेलं! जनावर नाल्यात उतरलं! मोटारीतून पाह्यलं!"

पुढचं मी अजून विसरलो नाही. मागून मोटारीतले प्रवासी उतरून आले होते. त्यांतला एकजण ओरडला, "हो हो, आमीबी पाह्यलं! पट्टे होते!" दुसरा म्हणाला, "पट्टे कायचे, सरपटत गेलं!" ड्रायव्हर, जो मला दहा वर्षं ओळखतो, त्यानंसुद्धा आईची शपथ घेतली. पंचवीस माणसांनी जे नव्हतं ते आपापल्या डोळ्यांनी पाहिलं. शिकारी उठला आणि बंदूक घेऊन नाल्याकडे पळाला, त्याच्यामागे गाव. पण टेंभे आधीच टेकले होते. पश्चिमेची बाजू फडफड करत पेटली, आणि बोगद्याच्या तोंडाशी मी एकटा उरलो. आतून धूर येत होता. मी हाक मारली. उत्तर नाही. आत जायला हवं होतं. मी गेलो नाही. हे लिहिताना हात थांबतो... पण गेलो नाही. दोन्ही हात मुरुमात रोवून तोंडाशी बसून राहिलो आणि हाका मारत राहिलो. मग आत काहीतरी हललं, आणि देवाशपथ सांगतो, मला पट्टे दिसले. काळे आणि तांबडे. मी उताणा पडलो. ते पट्टे खोकत बाहेर आले आणि माणसाच्या आवाजात म्हणाले, "गेलं काय रे थे?"

देवमनच होता. काट्यांनी सोललेलं अंग, रक्त, त्यावर काजळी. भुवया जळालेल्या. मी म्हटलं, "काय गेलं?" तो म्हणाला, "जनावर." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. "देवमन, अरे, जनावर कुठं हाये? तुले तर माहीत हाये. आपुनच त..." तो खाली बसला. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. "माहीत होतं रे. पन सारे एकदम वरडले ना, जनावर जनावर, तवा मले वाटलं, आज खरंच आलं. धूर नाकात शिरला तरी हललो नाही. हललो त थे पाहीन म्हून." मग हातावरची काजळी पुसत म्हणाला, "मी भेलो, कंडक्टर. कोनाले सांगू नको. मी साऱ्याईले सांगत फिरतो, भेव सोडा म्हून."

मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या पोटात राहिलेली ही एकच गोष्ट, आणि आज तीही छापायला देतो आहे. देवमन, माफ कर. त्यानंही माझी गोष्ट पोटात ठेवली. नाल्यात काही सापडलं नाही तेव्हा गाव म्हणालं, जनावर निसटलं, परत येईल. आणि त्यानंतर बोराटीला कुणी हातही लावला नाही. जळालेल्या बाजूला बुडख्यांतून पुन्हा फुटवे आले, पहिल्यापेक्षा दाट. "वरचं जळते," देवमन म्हणाला, "खालचं त्याईच्या बापाले नाही जळत." मी दर साली मोटारीत एखादा ताजा ठसा, एखादी डरकाळी सोडत राहिलो. तो दर साली म्हणत राहिला, आता पुरे कर. दर साली मी म्हणालो, पुढच्या वर्षी.

तर असा तो गेला. म्हातारीनं सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी मला सुट्टी मिळाली. गयावैनी दारात बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, घरात आणखी दोन-तीन बाया. मला पाहून ती रडली नाही. सगळं नीट सांगितलं. दुपारी तो आत गेला, बोरं पिकली होती. उन्हं कलली तरी आला नाही, म्हणून तिनं हाका मारल्या. मग गाव जमलं. धुऱ्यावर, शेताच्या कडेला, तीस-चाळीस बाप्ये काठ्या घेऊन उभे राहिले, त्याचं नाव घेऊन ओरडत राहिले. आत कुणी गेलं नाही. "चांगला दोन घंटे उभे होते," ती म्हणाली. "मंग मीच गेली." आत तो एका बुडख्याला टेकून बसलेला होता. अंगावर कुठं दात नाही, डंख नाही. हिवरखेडच्या डॉक्टरनं छाती पाहून सांगितलं, हृदय बंद पडलं, झटक्यात गेला, त्रास झाला नाही. मी मान हलवली. पण मी जन्मभर थापा मारलेला माणूस आहे. समजूत घालण्यासाठी मारलेली थाप मला दुसऱ्याच्या तोंडून आली तरी ओळखू येते. मी भीत भीत विचारलं, "वैनी, तू आत गेलीस तवा...?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आंग गरम होतं, भाऊजी. चांगलं गरम होतं."

मग तिनं आवाज खाली आणून मला विचारलं, "तुमी त पाह्यलंतं त्या दिशी नाल्याकडं जातानी. कसं होतं थे? लई मोठं हाये काय? आता बोराटी मलेच पाहा लागते. रोज जावं लागन. म्हून इचारतो."

देवमननं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. घरच्या बाईला नाही. माझी लाज राहावी म्हणून त्यानं तोंड उघडलं नाही, आणि दहा वर्षं ती त्या बोराटीकडे भीत भीत बघत राहिली, आणि तो गेला त्या संध्याकाळी, आत खरंच वाघ आहे असं मनात पक्कं धरून, ती एकटी त्या बोगद्यात शिरली होती. मी तिथंच बसून सगळं सांगितलं. चहाचे दोन कप, पोतं, अकोल्याचा फणा, शिट्टी, सगळं. एक अक्षर वाढवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट लवकर संपली. ती ऐकत होती. बाकीच्या बाया ऐकत होत्या. शेवटी मी म्हटलं, "उद्या साऱ्या गावापुढं सांगतो, वैनी."

"नका सांगू," ती म्हणाली. "तुमच्या सांगन्यानंच त झालं हे. तुमी सांगसान अन् लोक आयकतीन, मंग अजून काही आयकतीन. मले भेव वाटत होतं आत जातानी. इतकं भेव, की माह्ये हात मले दिसत नव्हते. तुमी सांगू नका. तुमी आत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर पुन्हा गाव होतं. बायांनी रात्रीतून बातमी पोचवली होती, पण कुणाला पटली नव्हती; दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की वैनीच्या दुःखात मी हे बोललो असेन, पण जनावर तर त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. संभा कुऱ्हाडीवर हनुवटी टेकवून उभा होता. म्हातारा झाला आहे आता. "काहून कंडक्टर, गुडघा बरा हाये ना आज?" लोक हसले. मीही हसलो. मी टोपी काढली, गुडघे टेकले आणि शिरलो.

तुम्हाला वाटेल, नाही हे माहीत असताना भीती कसली. मलाही वाटलं होतं. पण दोन हात पुढं गेलो आणि उजेड हिरवा झाला, मागचे आवाज बारीक झाले, आणि सरळ काट्यानं मला टोचलं, वाकड्यानं धरून ठेवलं. दहा-बारा वर्षं ज्याला जेवू घातलं ते सगळं पुढच्या वळणाला बसलं आहे, असं वाटलं. फणा, पट्टे, मागच्या पायांवर उभं. फुर्रकन काहीतरी नाकासमोरून उडालं आणि मी अशी आरोळी ठोकली की बाहेर बाया रडू लागल्या. लावा होता. दोन लावे. मी मोठ्यानं सांगत गेलो, बाहेर ऐकू जावं म्हणून, "लावा हाये! ... मुंगसाचं बीळ हाये! ... मी जिता हाओ!" आवाज फाटत होता. मग वाट रुंदावली आणि ती जागा आली. बैलगाडीच्या चाकाएवढी, फांद्यांचं छप्पर, खाली बोरं पडलेली. एका जुन्या बुडख्याची साल पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालेली, आणि त्याच्या पुढ्यात मुरुमात बसून बसून पडलेला खळगा. मी त्या खळग्यात बसलो. तो माझ्यापेक्षा बारीक होता. मी अर्धा बाहेर राहिलो. भीती गेली नाही. इथंच तो दोन घंटे जिवंत होता... की एक क्षण... मला कधीच कळणार नाही. मी बाहेरच्यांना ओरडून सांगितलं, "काही नाही इथं! कधीच नव्हतं!" उत्तर आलं नाही. मी पुन्हा ओरडलो. मग मला वाटलं, गेले सगळे.

तेवढ्यात बोगद्यात खसखस झाली. काहीतरी मोठं सरपटत येत होतं, श्वास घोगरा, थांबून थांबून. मी बुडख्याला पाठ दाबून दोन्ही पाय पोटाशी घेतले. "अगगं, काटा लागला रे बाप्पा," आवाज आला. संभाचं पांढरं डोकं बाहेर निघालं, मग खांदे. धापा टाकत त्यानं वर पाहिलं, चहूकडे पाहिलं.

"कुऱ्हाड कुठं हाये?" मी विचारलं.

"बाहीर ठेवली. आत कशाले लागते?" त्यानं खाली पडलेलं एक बोर उचललं, लुंगीला पुसलं आणि तोंडात टाकलं. बराच वेळ चघळत राहिला. मग आठोळी तळहातावर घेऊन, टाकावी की ठेवावी हे न कळल्यासारखा बघत म्हणाला, "इथंच बसे काय थो?"

"इथंच."

"मंग सरक थोडा," संभा म्हणाला.

मी सरकलो.